लिंबाखालचा तळहात

विजयसिंहाचा पट्टा बिघडवला तो मी. आधी तो सरळ चालत होता, हे सगळी गल्ली सांगेल. आणि बिघडवला कोणी, हेही गल्लीच सांगेल, कारण हॅन्डीकॅम गळ्यात अडकवून आखाड्याच्या तांबड्या मातीत उतरलेला पहिला शहाणा मीच.

माझं शाळा-कॉलेज गडहिंग्लजला झालं. दोन हजार तीन साली बी.पी.एड. करायला कोल्हापुरात आलो आणि आकाराममामांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. अभ्यासाच्या जाड पुस्तकात ‘प्रत्याभरण’ असा एक शब्द भेटला. शिकणाऱ्याला आपण काय केलं ते कळलं की तो सुधारतो, असा त्याचा अर्थ. किती कळलं की सुधारतो आणि किती कळलं की वाया जातो, हे बहुतेक पुढच्या पानावर असावं. मी पान उलटलं नाही. जयसिंगपूरला माझा आत्तेभाऊ भाऊसो लग्नांचं शूटिंग करायचा. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळं त्याचा कॅमेरा कपाटात पडून होता. तो मागून आणला आणि मी प्रत्याभरण द्यायला मोकळा झालो.

पण हे सगळं ज्यांच्या हातावर उतरलं, त्यांची ओळख आधी करून द्यायला हवी.

आकाराममामा उद्यमनगरात फिटर होते. लोखंडी पट्टीवर कानस मारून ती सपाट करायची, हे त्यांचं काम. सपाट झाली का, हे ते उजवा तळहात फिरवून बघत. मापाची हत्यारं भिंतीला टांगलेली असत. मामा ती साहेब आला की काढत, साहेबाला बरं वाटावं म्हणून. आणि संध्याकाळी त्याच उजव्या तळहातावर ते आखाड्यात लिंबू धरत.

आमचा आखाडा मर्दानी खेळाचा. लाठी, भाला, तलवार सगळं होतं, पण मान पट्ट्याला. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत चढणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं हातभर नव्हे, चांगलं जमिनीपासून छातीपर्यंत येईल एवढं लांब, लवणारं पातं. त्यात मनगट जखडलेलं असतं, वळवता येत नाही. समोरच्यानं हात पुढं करून तळहातावर लिंबू ठेवायचं. वरून येणाऱ्या पात्यानं लिंबाचे दोन तुकडे करायचे आणि कातडीला लागायच्या आत थांबायचं. थांबवायचं खांद्यानं आणि पायानं. चौकात लोक टाळ्या देतात त्या पट्टेवाल्याला. लिंबाखाली हात कुणाचा होता, हे कुणी विचारत नाही. आखाड्याच्या भिंतीवर जुने फोटो आहेत. त्यातल्या बहुतेक फोटोंत मामा आहेत, पण मनगटापर्यंतच.

“मामा, भीती वाटत नाही?” मी एकदा विचारलं.

“वाटती की. न वाटाय मी काय खुळा हाय? पण ती पायात ठेवायची. हातात आणली की हात आपोआप वर येतो. हात वर आला की मग पट्टेवाल्याचा दोष न्हाय, धरणाऱ्याचा.”

आखाड्याचे वस्ताद हंबीरराव. वस्ताद बोलायला इतके कंजूष की त्यांच्याकडून एक अख्खं वाक्य निघालं तर पोरं गल्लीभर सांगत फिरायची. नवख्याला ते आधी लाकडाच्या ओंडक्यावर बटाटा ठेवून देत. बटाट्याखाली ओला रुमाल. बटाटा कापायचा, रुमाल नाही. पोरगं वार करून आशेनं वस्तादांकडं बघायचं. वस्ताद तंबाखू मळत दुसरीकडं बघायचे.

“आधी तू बोल.”

मग त्यानं स्वतःच सांगायचं, खोल गेला की वर राहिला, डावीकडं सरकला की उजवीकडं. सांगून झालं की वस्ताद बटाटा उचलून रुमाल दाखवायचे. पोराचं बोलणं आणि रुमाल जुळायला लागेपर्यंत लिंबाचं नाव काढायचं नाही.

लिंबाला रुमाल नव्हता. तिथं होता मामांचा तळहात. लिंबू कापलं की पट्टेवाल्यानं आधी आपला वार बोलायचा आणि मग एक फोड उचलून त्याच तळहातावर पिळायची. पात्यानं कातडी नुसती ओरबाडली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण लिंबाला सापडते. धरणाऱ्यानं हात न हलवता सांगायचं. लागलं असेल तर ‘झोंबलं’, नसेल तर ‘गार’. कुणाच्या काळापासून हे चालत आलं, वस्तादांनाही माहीत नव्हतं. आमच्या आखाड्यात पट्टा शिकवला जायचा तो या दोन शब्दांवर, आणि ते दोन्ही शब्द मामांच्या तोंडात होते.

विजयसिंह गल्लीच्या टोकाला डेअरीवर दुधाचे कॅन चढवायचा. खांदे रेड्यासारखे आणि मन नव्या नवरीसारखं. कुणी हसलं तरी दिवसभर मनात धरायचा. पण पट्टा त्याला चढला होता. वार करताना लिंबाशिवाय त्याला काही दिसत नसे. “किंचित वर राहिला,” तो म्हणायचा. लिंबू पिळायचा. मामा म्हणायचे, “गार.” ललितापंचमीला चौकात खेळ व्हायचा, आणि तिथं लिंबू कापायचा मान यंदा विजयसिंहाचा, हे श्रावणातच ठरलं होतं.

तेव्हा मी कॅमेरा घेऊन पोचलो.

“हे बघ भावा, तुझं कोपर बाहेर जातंय.” मी त्याला छोट्या पडद्यावर त्याचाच वार दाखवला. खरोखरच जात होतं. “आणि मान बघ. डावा पाय बघ, टाच उचलतोयस.”

“आयला, व्हय की!” विजयसिंह चकित. “परत दाखव.”

मी परत दाखवलं. प्रत्येक वारानंतर दाखवलं. मागून काढलं, बाजूनं काढलं. आठवड्याभरात त्याची अशी गत झाली की वार केला की लिंबाकडं न बघता तो थेट माझ्याकडं धावायचा. वस्ताद म्हणाले, “आधी तू बोल,” तर म्हणतो कसा, “थांबा वस्ताद, बघून सांगतो.” वस्तादांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. नुसतंच पाहिलं. ज्यांच्या तोंडून वर्षात दहा वाक्यं निघतात त्यांनी असं पाहिलं की माणसानं समजून घ्यावं. मी बॅटरी चार्ज करायला गेलो.

मग तो वार करता करताच कोपराकडं बघायला लागला. कोपर आत ठेवायचं म्हटल्यावर खांदा अडला, खांदा अडल्यावर पाय उशिरा पडला. पात्याचा आवाज बदलला. आधी एकच, शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. आता तो मधेच फाटायचा. एका संध्याकाळी मामा म्हणाले, “झोंबलं.” दुसऱ्या संध्याकाळीही म्हणाले. विजयसिंहानं पट्टा उतरवून ठेवला आणि चार दिवस आखाड्याकडं फिरकलाच नाही. डेअरीवर गेलो तर कॅन आपटत म्हणाला, “मला न्हाय जमायचं. दुसऱ्या कुणालातरी सांगा. माणसाचा हात हाय तो, भोपळा न्हवं.”

मी कॅमेरा कपाटात ठेवला. मामा स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. आणि त्या दिवसापासून सगळं परत सुरळीत झालं. रोज लिंबू, रोज “गार.” विजयसिंहाची छाती फुगायला लागली. आवाज मात्र फाटतच होता.

मी मनाला समजावलं की आपल्याला आवाजातलं काय कळतंय.

ते समजावणं टिकलं रविवारपर्यंत. रविवारी मामांच्या घरी मटण असायचं आणि भाडेकरूला हाक यायची. मामींनी, म्हणजे तानाबाईंनी, ताटं वाढली. तांबड्या रश्श्याची वाटी समोर आली आणि मामा म्हणाले, “एक चमचा दे.”

मामींचा हात वाटीवरच थांबला. “चमचा? पावणं हाईसा व्हय घरात?”

“दे म्हणतोय न्हवं.”

“मटण चमच्यानं खाणार? लोकं ऐकतील तर काय म्हणतील?”

“लोकास्नी बोलवू नको मग जेवाय.”

मामी हसत चमचा आणायला गेल्या. मी हसलो नाही. मामांनी उजवा हात मांडीखाली घेतला होता. जो माणूस रश्श्यात मनगटापर्यंत बुडतो त्यानं चमचा मागितला, म्हणजे तिखट कुठंतरी लागत होतं.

जेवण झाल्यावर पायरीवर गाठलं. “मामा, झोंबतंय ना?”

“गार हाय.”

“मग हात दाखवा.”

त्यांनी दाखवला नाही. सुपारी कातरत बसले, डाव्या हातानं, वेडीवाकडी. मग म्हणाले, “पोरगं ढासळलं हुतं. तुझ्या त्या डबड्यानं. कसंतरी उभं केलंय. आत्ता परत झोंबलं म्हटलं तर पट्टा खाली ठेवंल आणि जन्मात उचलायचा न्हाय.”

“पण तुम्ही गार म्हणता म्हणून तो तसाच मारतोय.”

“पंचमी होऊ दे. मग सांगतो.”

“आणि तोवर खोल गेला तर?”

“लई बोलतोस मास्तर. अजून मास्तर झाला न्हाईस.”

पुस्तकात खोट्या प्रत्याभरणाबद्दल काय लिहिलंय ते मी त्या आठवड्यात शोधलं. एक ओळ सापडली, की खोट्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं. ती वाचून पुस्तक मिटलं आणि वस्तादांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, कारण मामांनी सांगितलं नाही ते मी कोणत्या तोंडानं सांगणार, ज्यानं हे सुरू केलं तो मी? रोज संध्याकाळी आखाड्याच्या दारात उभा राहून तो आवाज ऐकायचो. फाटायची जागा दिवसागणिक वाराच्या शेवटाकडं, हाताच्या जवळ सरकत होती, किंवा मला तसं वाटत होतं. पोहे खाताना लिंबाची फोड बाजूला काढून ठेवायचो.

ललितापंचमीला चौक भरला. गॅलऱ्या बायकांनी वाकल्या होत्या, हलगी कडाडत होती. गल्लीतल्या कार्यकर्त्यांनी फर्मान काढलं की शूटिंग पाहिजे, म्हणून कॅमेरा परत माझ्या गळ्यात. लाठी झाली, भाला झाला. मग हलगी थांबली आणि मामा मधोमध येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हात पुढं, तळहातावर लिंबू. विजयसिंहानं पट्टा चढवला. मी कॅमेऱ्यातून मामांच्या हातावर नेम धरला. हात दगडासारखा स्थिर होता. विजयसिंहाची नजर लिंबावरून कोपराकडं गेली आणि परत आली.

पातं वर गेलं. आवाज आला, आणि फाटला.

लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या. विजयसिंहानं एक उचलली, पिळली. मामांची मूठ तोवर मिटली होती; रस मुठीवरून ओघळला.

“गार!” मामा ओरडले. इतक्या मोठ्यानं ते कधीच म्हणत नसत.

चौक फुटला. विजयसिंहाला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला. गुलालात एक बरं असतं, खाली काय सांडलंय ते कळत नाही. मामा मूठ मिटूनच गर्दीतून बाहेर पडले. मी मागं गेलो. मंडपामागच्या नळाखाली त्यांनी मूठ उघडली, आणि मी माझा रुमाल त्या जखमेवर गच्च बांधला.

डॉक्टरांनी टाके घातले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा नीट वाकलं नाही. मामांनी आखाड्यात सांगितलं, कारखान्यात मशिनीत हात गेला. कारखान्यात सांगितलं, घरी विळीवर कापलं. दोन्हीकडं लोकांनी हळहळ व्यक्त केली. मामी मात्र चमचा आता न मागताच ताटात ठेवायच्या. कारखान्यानं मामांना कानशीवरून काढून बोल्ट भरायला बसवलं. कारण हात फिरवला तरी मधल्या व्रणाला काही कळत नव्हतं.

“कंची पट्टी सपाट, कंची उंच, उमगतच न्हाय,” मामा म्हणाले. “सगळ्याच गार.”

टाके निघाले त्या दिवशी त्यांनी मला पायरीवर बसवून घेतलं. “मास्तर, एक काम कर. त्या टेपात बघ. माझा हात वर आला हुता का?”

“मामा, हात हलला नाही. मी बघत होतो.”

“डोळ्यानं बघितल्यालं नको. टेपात बघ. वर आला असला तर माझी चूक. मग त्या पोराला कायबी सांगायची गरज न्हाय. जल्मभर मी लोकास्नी सांगत आलो, तुझा वार असा आणि तसा. मला कोण सांगणार?”

“बघतो आणि सांगतो,” मी म्हणालो.

खोलीवर जाऊन कॅसेट लावली. मामा दिसतात, हात दिसतो, लिंबू दिसतं. पातं वर जातं. आणि नेमकं तेव्हा चित्र झुकतं, पताका, बल्बांची माळ आणि मग आभाळ. नुसतं आभाळ. मी अंग चोरलं होतं. हात हलला नाही हे बघितलं म्हणणारा साक्षीदार त्या घडीला डोळे मिटून उभा होता. आभाळावर आवाज येतो, फाटतो, आणि मग ती आरोळी, “गार!”

मामांना हे सांगायला धीर झाला नाही. “अजून बघायचंय,” म्हणत राहिलो. आणि मी सांगत नव्हतो तोवर, हात आपलाच वर आला असेल, असं ते धरून चालले. विजयसिंहाला ते काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी आता ओंडका उभा असायचा, ओंडक्यावर लिंबू. ओंडक्याला लागलं तर कोण सांगणार? विजयसिंह रोज तोच वार घोटत होता.

शिवजयंती जवळ आली तसा तो एका संध्याकाळी पेढे घेऊन आला. “मामा, यंदा गळ्यावरचं लिंबू करू या. वस्ताद व्हय म्हणाल्यात, तुम्ही झोपणार असला तर. दुसऱ्या कुणाच्या गळ्यावर माझा हात चालायचा न्हाय. तुम्ही गार म्हटलं की मला कसं, देवानं म्हटल्यागत वाटतं.”

मामांनी पेढा हातात धरला. खाल्ला नाही. “बघू,” म्हणाले.

तो गेल्यावर मी म्हणालो, “मामा, हात नव्हे आता. गळा.”

“कळतंय मला.”

“गळ्याला लागलं तर गार तरी म्हणता येईल का तुम्हाला?”

त्यांनी पेढा खाली ठेवला. मग विचारलं, “टेप बघितला?”

“अजून बघायचंय,” म्हणत मी खोलीकडं वळलो.

दुसऱ्या दिवशी मामा आखाड्यात मातीवर उताणे झोपले. वस्तादांनी त्यांच्या गळ्यावर लिंबू ठेवलं. मामांनी आवंढा गिळला तसं ते हललं, आणि दारात उभी असलेली पोरं एक पाऊल मागं सरली. सरावच होता, पातं वीतभर वर थांबवायचं ठरलं होतं. विजयसिंहानं पवित्रा घेतला. खालून मामा त्याच्या तोंडाकडं बघत होते. पट्टा वर गेला आणि त्याची नजर कोपराकडं गेली.

“थांब.”

मामांनी लिंबू गळ्यावरून उचललं आणि उठून बसले. व्रणाचा हात त्याच्यासमोर उघडला. “पंचमीला झोंबलं हुतं. मशीन न्हवं, विळी न्हवं. पंचमीच्या आधीबी रोज झोंबत हुतं.”

विजयसिंह पट्ट्यासकट खाली बसला. “मग गार का म्हणला?”

“तू मोडला असतास.”

“आणि आता?” त्याचा आवाज चढला. “पंचमीपासनं दररोज, मामा, दररोज मी चुकीचा वार घोटतोय. तुमच्या गारवर! आज तुमच्या गळ्यावर आणला असता तो. चूक करायची माझी तयारी हुती. तुम्ही ती मला बघूच दिली न्हाय.”

मी दाराच्या चौकटीत जमेल तेवढा बारीक झालो. वस्तादांनी तंबाखू थुंकली.

“बटाटा आण,” ते विजयसिंहाला म्हणाले. आणि मामांकडं न बघता, “आकाराम, इथनं पुढं खरं बोलायचं. न्हाय जमलं तर भिंतीवरच्या फोटोत जाऊन बस.”

गळ्यावरचं लिंबू पुन्हा निघालं नाही. विजयसिंहानं बटाट्यापासून सुरुवात केली, ओल्या रुमालावर, गल्लीतल्या शेंबड्या पोरांच्या रांगेत. पुष्कळ रुमाल फाटले. कोपराकडं बघायला शिकायला त्याला जेवढे दिवस लागले होते, त्याच्या कितीतरी पट ते विसरायला लागले. पुढच्या पंचमीला तो खेळलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, पंचगंगेचं पाणी शहरात शिरून ओसरलं, आखाड्याची माती नव्यानं भरली, आणि त्या मातीत मामा परत उभे राहिले. डावा हात पुढं करून.

“डावा कशाला?” मी घाबरून विचारलं.

“उजव्याला कळत न्हाय. कळणारा हात लागतो.”

विजयसिंहानं वार केला. आवाज जवळजवळ एकसंध आला. जवळजवळ. त्यानं वस्तादांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं तर नाहीच. “केसभर खोल गेला,” म्हणाला आणि फोड पिळली.

मामांचं तोंड वाकडं झालं. “झोंबलं.”

“बरोबर,” विजयसिंह म्हणाला आणि दुसरं लिंबू घेतलं.

ते अजून चालू आहे. कधी गार, कधी झोंबलं. डाव्या तळहातावरचे बारीक पांढरे ओरखडे मी मोजत नाही. संध्याकाळी आखाड्यातून तो आवाज आला की हातातलं काम थांबतं. तो फाटला नाही असं वाटेपर्यंत श्वास सोडत नाही. आणि मामा घरी परतताना माझ्या खोलीशी थांबतात.

“मास्तर, टेप बघितला का?”

“बघतो मामा. बघून सांगतो.”

भाऊसो जयसिंगपुराहून निरोप पाठवतोय की कॅसेट परत दे, तिच्यावर लग्न भरायचंय. मामांना उत्तर दिल्याशिवाय ती देता येत नाही. आणि तिच्यात आभाळ आहे.